बरडाची इज्जत

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आमच्या गावात सहसा कुणी आपलं रान वाईट म्हणत नाही. सोयरीक जुळवताना तर मुळीच नाही. पण लातूरच्या एका संस्थेनं जाहीर केलं, की गावातलं सगळ्यांत थकलेलं एक रान निवडून, संस्थेच्या खर्चानं त्यात ताग गाडून, झाडं लावून मातीत कर्ब साठवायचा. तेव्हापासून अख्ख्या गावाची जमीन नापीक झाली. पारावर माणसं एकमेकांना अभिमानानं खडे दाखवू लागली.

भागवतला खोटं बोलायची गरज नव्हती. त्याच्या टेकाडावरच्या बरडात गवतही लाजत उगवायचं. तिथल्या ज्वारीचा हुरडा एके काळी सगळी भावकी खायची, हे त्याची आई साखराबाई रोज जेवताना सांगे. ती आहे तोवर तिथला हुरडा पुन्हा तिच्या हातावर ठेवायचा, एवढाच त्याचा हट्ट.

मातीचा नमुना घ्यायला संस्थेची पुनम आली. भागवतनं तिला फाट्यावरून गाडीवर आणलं. "मॅडम, एवढं नालायक रान तालुक्यात न्हाई."

वाटेलगत पुनमनं खड्डा घेतला. माती काळी, मऊ, भुसभुशीत निघाली.

"काका, ही तर बाग आहे. मग यादीतल्या दुसऱ्या, शरणप्पांचंच रान घ्यावं लागेल."

भागवतनं बांधावरच्या आईकडं पाहिलं. ती आभाळाकडं बघत होती. आभाळात काही नव्हतं.

"माय, उकिरड्यातलं खत कुठं गेलं?"

"मला काय इचारतो? बैलाला इचार."

"माय!"

"हाव, टाकलं मी! कुदळीनं कालवलं बी. पावणे येणार अन् तू गावभर बोंबलून राहिला, रान नालायक, रान नालायक! तुझ्या बापानं सोयरिकीला हेच रान दाखवलं व्हतं. त्याची बेइज्जती करतो?"

"आजी," पुनम हसू दाबत म्हणाली, "ते आजारी आहे म्हणूनच तर मला हवंय. डॉक्टरकडं नेताना पावडर लावतात का?"

"माझी माय लावायची."

पुनमचं दाबलेलं हसू फुटलं.

"खरं दाखवलं तर रान घेता?" साखराबाईनं विचारलं.

"काका सांगतात तसं असेल, तर हेच घेऊ."

साखराबाई उठली, उताराच्या टोकाला गेली, टाच आपटून म्हणाली, "इथं खण. इथं लई वाईट हाय. पर मी बघणार न्हाई."

पुनमची पहार ठणकन वाजली. वीतभर खाली नुसता मुरूम. भागवतला आनंद लपवता येईना. पुनमनं नमुन्याच्या पिशवीवर त्याचं नाव घातलं.

साखराबाई पाठ फिरवून उभी होती.

"हळू मार गं बाई," ती म्हणाली.