सतरंजीवर ठेवलेला पेला

हेन्रिकने कॉफीचा पेला हातात घेतला, आत डोकावला आणि तसाच सतरंजीवर ठेवला. मग खिशातली बाटली काढून हातांना जंतुनाशक चोळलं.

मी इथलीच, जॉर्डनमधल्या मफरकची. माझी मुलगी आठ महिन्यांची. सकाळी तिला आईकडे सोडताना तिने माझं बोट धरून ठेवलं होतं, एकेक इवलं बोट सोडवून आले. कारण एकच. देशोदेशी घरदार सोडून पळालेल्यांना सांभाळायचं काम मला आयुष्यभर करायचं होतं, आणि त्या नोकरीचं शिफारसपत्र परदेशी मदतसंस्थेच्या या हेन्रिकच्या हाती होतं. त्याची दुभाषी म्हणून चार वर्षं मी त्यासाठीच काढली.

समोर उम्म रहफ, म्हणजे रहफची आई, बसली होती. चाळिशीतला एक जण तिच्या चौदा वर्षांच्या रहफशी निकाह लावू बघत होता, म्हणून मायलेकी रातोरात निर्वासितांची छावणी सोडून इथे या एका खिडकीच्या तळघरात आलेल्या. तो माणूस अजून शोधत होता. हेन्रिकला रहफचा फोटो हवा होता. पाठमोरा नको, देणगी देणाऱ्यांना डोळे दिसावे लागतात, असं त्याने गाडीतच सांगितलं होतं. खिडकीपाशी बसव, उजेड बरा पडेल. बाजारात वांगी निवडावीत तसा बोलत होता.

उम्म रहफने दोनदा नको म्हटलं होतं. आता तिची नजर पेल्यावर गेली आणि चेहरा उतरला. आमच्याकडे पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, की त्याचं काही मागणं असतं. यजमानाने दिलं म्हटल्याशिवाय तो पीत नाही, आणि एकदा म्हटलं की माघार नसते.

"पोरी, सांग त्याला," ती हळूच म्हणाली. "मागितलं ते दिलं. पी म्हणावं."

पडद्याआडून रहफ आली. ओढणी सारखी करून, कुणी न सांगता खिडकीपाशी जाऊन बसली. नखं कुरतडलेली होती.

"तयार आहे ना?" हेन्रिकने कॅमेरा काढला.

हो म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. मला माझीच शिसारी आली, कारण हो ओठावर आलंच होतं.

"खाला," मी उम्म रहफला म्हटलं, "त्याचं काही मागणं नाही. तुमचा पेला त्याला घाण वाटतोय."

तिने बाटलीकडे पाहिलं. मग हसली. "आधी सांगायचंस ना गं. मी पोर देऊन बसले होते."

मेलेलं झुरळ उचलावं तसा तिने दोन बोटांत पेला उचलला आणि दाराबाहेर ओतला. "रहफ, आत जा."

ती नाही म्हणाली, एवढंच मी हेन्रिकला सांगितलं. त्याने कॅमेरा बंद केला. ज्याला माणसांचं मन वळवता येत नाही त्याने या कामात पडू नये, म्हणाला. पत्राचं नंतर बघू. आणि गाडीकडे गेला.

उम्म रहफने तोच पेला विसळून, भरून माझ्यापुढे धरला. "तुझं तरी काही मागणं नाही ना?"

मी प्यायले. पेला हलवला की पुरे, असा इथला अर्थ. बाहेर हॉर्न वाजत होता. मी पेला न हलवता पुन्हा पुढे केला.