कोरडंच आहे ना?

निकिताची दाढ किडली तेव्हा ती सात वर्षांची होती. २००३ साल. कॉलेज रोडवरच्या दातांच्या डॉक्टर, सुवर्णा मॅडम, म्हणाल्या, "ही दुधाची नाही हं, ताई. पक्की दाढ आहे, जन्माला पुरायची. पांढरं फिलिंग करू. पण भरताना कोरडी राहिली पाहिजे. लाळ लागली की ते धरत नाही."

मी बी.एस्सी. झालेली. मान डोलावली, वर दोन प्रश्नही विचारले.

निकिताला तोंड उघडं टाकायची सवय. सायखेड्याहून सासूबाई आल्या की सुरू, "तोंड मीट गं, माशी जाईल! आईनं हेच शिकवलं का?" तो टोमणा मला इतका लागायचा की त्या नसतानाही मीच दिवसातून दहादा म्हणायचे, "निकू, तोंड मीट."

मॅडमनी दाढ कोरली, निळं औषध लावून धुतली, हवेने वाळवली. खडूसारखी पांढरी दिसायला लागली. गालात कापसाच्या सुरळ्या ठेवल्या. "आ तसाच ठेव बेटा," म्हणत त्या औषध घ्यायला ट्रेकडे वळल्या.

निकिताची लाळ ओघळून हनुवटीवर आली, फ्रॉकवर पडली. दार उघडं, बाहेरच्या बाकावरच्या दोन बायका बघत होत्या. माझ्या तोंडून हळूच निघूनच गेलं, "निकू, तोंड मीट."

गुणाची पोर. मिटलं. आवंढासुद्धा गिळला. मग मॅडमनी आ ठेवायला सांगितलंय हे आठवून पुन्हा आ केला. दाढ आता खडूसारखी नव्हती, चकाकत होती.

"कोरडंच आहे ना?" बाटलीचं झाकण लावता लावता मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी ब्रशने औषध फिरवलं आणि सगळंच चकाकलं; लाळ कुठली, औषध कुठलं, कळायला मार्ग नव्हता. मग फिलिंग, आणि ते कडक करायला निळा उजेड. झालं.

तिसऱ्या आठवड्यात भाकरीबरोबर फिलिंग निघून आलं. मॅडमनी आत पाहिलं, कपाळाला आठी घातली. "जीभ लावली होतीस का गं तेव्हा?"

निकिताने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हो. चुकून."

मी पर्सचा बंद घट्ट धरला होता. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि ते ती माझ्याकडूनच शिकली होती.

"तिनं नाही, मॅडम. मीच तिला तोंड मिटायला सांगितलं. लाळ गळत होती, म्हणून. आणि तुम्हाला 'हो' म्हणाले."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अहो, तेव्हाच सांगायचं ना," त्या हळूच म्हणाल्या. "परत धुऊन वाळवली असती, दोन मिनिटांचं काम. आता आत कीड सरकलीय. जास्त कोरावं लागेल. दुखेल तिला."

त्यांनी नवा कापूस घेतला. खुर्चीतून निकिताने विचारलं, "आता तुमचं ऐकू की मम्मीचं?"

"माझं," मॅडम म्हणाल्या.

तिने एकदाही माझ्याकडे न बघता आ केला.