भेंडाच्या टोपीचा वाटा

ही गोष्ट ऐकून आजवर एकानेही मान डोलावलेली नाही. आमच्या वाडीत नाही, मालवणच्या बाजारात नाही, आणि तुम्हीही डोलावणार नाही. तरी सांगतो. खऱ्या गोष्टीचा हाच त्रास असतो, तिला गिऱ्हाईक मिळत नाही. खोटी गोष्ट मात्र ताज्या सुरमईसारखी दहा वाजायच्या आत खपते.

एका टोपीने माझा बावीस वर्षांचा मान राखला. नुसता राखला नाही, त्या टोपीला रापणीच्या मासळीत अख्ख्या माणसाचा वाटा मिळाला. माझा वेगळा, टोपीचा वेगळा.

दोन हजार सातच्या दिवाळीत निकेत आणि रिया हे पुण्याचं जोडपं आमच्या मागच्या खोलीत पाहुणं म्हणून उतरलं होतं. पहिल्याच संध्याकाळी पडवीत आले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. भिंतीवर माझ्या एकतीस टोप्या. खारेपाटणच्या व्यापाऱ्यांच्या काळ्या लोकरी टोप्या, म्हापशाच्या बाजारातून आणलेली पाद्रीबाबाची रुंद काठाची, नांदगावच्या बँडमास्तरची लाल, जिच्या जरीतून अजून लग्नातल्या अत्तराचा वास येतो. सगळ्या जुन्या, सगळ्या मेलेल्या अवस्थेत माझ्याकडे आलेल्या आणि माझ्या हाताने उठून बसलेल्या. रोज एक घालतो. सोमवारी कुठली, मंगळवारी कुठली हे वाडीतल्या पोरांनाही पाठ आहे.

"काका, हे सगळं तुम्ही दुरुस्त केलंत?" रियाने विचारलं.

"केलंय म्हणजे काय, बाळंतपणं केलीयत एकेकीची."

आतून माझी बायको विमला म्हणाली, "माज्या मोदकपात्रात."

ते खरं आहे. चेपलेली लोकरी टोपी सरळ करायची तर तिला वाफ लागते, आणि मोदकपात्रासारखी वाफ दुसरीकडे नाही. वाफ दिली की टोपी मऊ पडते, मग ती डोक्याच्या मापाच्या कशावर तरी ताणून वाळवायची. शहरात त्यासाठी लाकडी ठोकळे असतात म्हणे. मी कोहळा वापरतो. बाजारात टोपी घेऊन जायचं आणि एकेका कोहळ्याला घालून बघायची. भाजीवाली आनंदीबाई एकदा म्हणालीच, "गणपतदा, कोहळो भाजीक व्हयो की जावय करूक?"

मी म्हटलं, "जावय असतो तर एवढो गप बसलो असतो काय गो?"

तर निकेतने बोट दाखवलं मधल्या खुंटीवरच्या खाकी टोपीकडे. साहेबाची गोल टोपी, वर बटण, चारी बाजूंनी काठ. "ही कुणाची?"

"ती? बस तू आधी," मी म्हटलं, "मग सांगतो."

ही टोपी मला खारेपाटणात सापडली, परशुरामशेठच्या माळ्यावर. त्यांचे वडील इंग्रजांच्या वेळी मोजणीच्या साहेबाबरोबर डोंगर हिंडायचे, साहेब जाताना टोपी देऊन गेला. मी बघितली तेव्हा टोपी उलटी पडलेली आणि तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. शेठ म्हणाले, "घेऊन जा, पण कोंबडीला उठवायचं नाही. आमच्या आईची आहे." सुक्या मासळीची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि टोपी, अंडी, कोंबडी सगळं तसंच मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं तिकीट काढा. मी म्हटलं, "टोपीत आहे म्हणजे ते डोकं. डोक्याचं वेगळं तिकीट कधीपासून?" कसालला गाडी थांबली तेव्हा दोन पिल्लं काठावर येऊन बसली होती, ओरोसच्या एका बाईंनी त्यांना शेव घातली.

"आणि शेठच्या आईची कोंबडी?" रियाने विचारलं.

"परतीच्या गाडीने पाठवली. एकटीच गेली."

निकेत हसला. हसू दे. टोपी दुरुस्त करायला मला मात्र दोन महिने लागले ते खरे. ही टोपी लोकरीची नाही, भेंडाची असते. लग्नातलं बाशिंग ज्या पांढऱ्या, हलक्या भेंडाचं करतात तेच. उंदरांनी उजवीकडचा काठ हातभर खाल्लेला. बाशिंगं करणाऱ्याकडून भेंड आणलं, पात्यासारखे पापुद्रे काढले, एकावर एक खळीने चिकटवले. खळीत मोरचूद घातला, नाहीतर झुरळांना जेवण होतं. वरचं खाकी कापड पाकळी पाकळी उसवून धुतलं, पुन्हा त्याच भोकांतून सुई घातली. नवीन भोक एक पाडलं नाही. आता बोट फिरवून सांगा जुना काठ कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो.

दोघांनी बोट फिरवलं. सापडलं नाही. तेवढं तरी कुणी खोटं म्हणू शकत नाही.

आता रापण. पुण्याच्या माणसांना समजवावं लागलं. होडी लांबलचक जाळं घेऊन किनाऱ्यापासून निघते, समुद्रात अर्धगोल मारून परत किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर पन्नास-साठ माणसं वाळूत उभी राहून ओढतात. मिळेल त्याचे वाटे. पण जाळं कधी सोडायचं ते होडीवाल्याला कळत नाही, त्याला मासा दिसत नाही. तो दिसतो खडकावर उभ्या असलेल्या एका माणसाला. पाण्याचा रंग बदलला, पक्षी खाली आले, कुठे तरी पाणी शिजल्यासारखं झालं, की तो माणूस इशारा देतो. आमच्या रापणीत इशारा एकच. त्याने डोक्यावरचं फडकं सोडलं की जाळं पाण्यात. हाक नाही, शिट्टी नाही. म्हणून खडकावर असताना कितीही घाम येवो, फडक्याला हात लावायचा नाही. आणि एकदा डोकं उघडं झालं की माघार नाही. होडी निघाली ती निघाली.

तो खडकावरचा माणूस बावीस वर्षं मी होतो. म्हातारे म्हणायचे, गणपत म्हणजे रापणीचो डोळो.

दोन हजार एक सालच्या कार्तिकात त्या डोळ्याला पाणी यायला लागलं. सकाळचं ऊन पाण्यावर पसरे आणि सगळा समुद्र मला पितळेच्या परातीसारखा दिसे. दोनदा फडकं सोडलं, दोनदा जाळ्यात शेवाळ आणि चार केंड, कुणी न खाणारे विषारी मासे. साठ माणसांची अर्धी सकाळ वाळूत गेली. तिसऱ्या दिवशी सहदेव, आमच्या रापणीचा म्होरक्या, घरी आला. बराच वेळ टोप्यांकडे बघत बसला.

"दादा," तो म्हणाला, "लोक बोलतत."

"काय बोलतत?"

"तुमच्या डोळ्यांका वय झाला म्हणतत. ह्येच्या म्होरा एक जाळा रिकामा इला तर खडकार प्रितम उभो रवतलो."

प्रितम म्हणजे त्याचा पुतण्या. तीस वर्षांचा, गोव्याहून दुर्बीण घेऊन आलेला. गळ्यात घालून फिरायचा, जेवताना पण काढत नसे.

"बरा," मी म्हटलं. सहदेव वाईट माणूस नव्हे. पण मी त्या रात्री जेवलो नाही. खडकावरून खाली उतरलेला माणूस वाळूत दोर ओढायला लागतो, आणि त्या वयात दोर ओढत नाही, लोक त्याला दोराला हात लावू देतात. बावीस वर्षं लोक माझ्या डोक्याकडे बघून समुद्रात गेले. आता माझ्याकडे बघून वाटा देतील, दया म्हणून. त्यापेक्षा मेलेलं बरं.

सकाळी उठलो, फडकं घडी करून ठेवलं आणि भेंडाची टोपी घातली.

किनाऱ्यावर जी हसाहस झाली ती विचारू नका. प्रितम सलाम ठोकून म्हणाला, "कलेक्टर इले. आमचो सातबारो घेवन इलंत काय सायबानू?"

दोरावरची एक बाई म्हणाली, "दर्याची मोजणी करतले आज."

सहदेव हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, आज तरी नाटका नको होती."

मी खडकावर चढलो. प्रितम माझ्या मागोमाग चढला, दुर्बीण लावून उभा राहिला, जणू जागेचा ताबा घ्यायलाच.

"आता ऐका," मी निकेतला म्हटलं, "साहेब लोक मूर्ख नव्हते. त्या काठाचं कारण असतं. मी टोपी थोडी पुढे ओढली आणि वरचं ऊन बंद. डोळ्यातलं पाणी बंद. परातीसारखा दिसणारा समुद्र पुन्हा समुद्र झाला. आठ वाजले, साडेआठ वाजले. प्रितम म्हणतो, कायच नाय. होडीवाले वल्ही मांडीवर ठेवून माझ्याकडे बघतायत. सहदेव वाळूत येरझाऱ्या घालतोय. आणि नऊच्या सुमाराला मला दिसलं."

"काय?"

"सावली. आभाळात ढग नाही आणि पाण्यात ढगाची सावली, खाडीच्या तोंडाकडून सरकत येणारी. वर पक्षी नाही, खाली पाणी हलत नाही. बांगडा एवढा खोल आणि एवढा दाट चाललेला की वरच्या पाण्याला पत्ता नाही. दुर्बिणीला दिसणार नाही ते. ते फक्त ह्या टोपीखालून दिसतं. मी टोपी काढली."

"मग?"

"होडी सुटली. प्रितम ओरडला, म्हाताऱ्याचा डोक्या फिरला. सहदेवने कपाळाला हात लावला. पण माघार नाही. दोन तास दोर ओढले. पहिला तास दोर हलका. कुणी माझ्याकडे बघेना, मी पण कुणाकडे बघेना. दुसऱ्या तासाला दोर जड झाला. मग एवढा जड झाला की साठ माणसं गुडघाभर वाळूत रुतली. बाजारातल्या बायका टोपल्या टाकून दोराला लागल्या. रस्त्यावरून एसटी चाललेली, ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि सगळी प्रवासी शिटं उतरून ओढायला आली. कंडक्टर पण."

"तोच कंडक्टर?" निकेतने विचारलं.

"त्याचो भाऊ," मी म्हटलं. "जाळं वाळूला लागलं तेव्हा बांगड्यांचा ढीग एवढा होता की पलीकडे उभा असलेला सहदेव मला दिसेना. त्या दिवशी मालवणात बर्फ संपला. कणकवलीचा संपला. शेवटी लोकांनी घरातल्या फ्रीजमधून ट्रे आणले. वाटे घातले तेव्हा सहदेवने सगळ्यांसमोर एक वाटा जास्त घातला. म्हणाला, ह्यो टोपीचो. आणि प्रितमने गळ्यातली दुर्बीण काढून पिशवीत ठेवली, मला म्हणाला, दादा, माका एकदा घालूक देतलात? मी दिली. त्याच्या कानावर आली. डोकं लहान आहे त्याचं. पुढची पाच वर्षं मी त्याच खडकावर होतो, आणि खाली कुणी हसलं नाही. मागच्या वर्षी माझ्या मर्जीने उतरलो. सहदेव विनवण्या करत होता."

निकेत उठला, मला विचारून टोपी खुंटीवरून काढली, दोन्ही हातांनी धरली. देवाचा नारळ धरतात तशी. रियाने त्याचा फोटो काढला. मग ती पडवीच्या कठड्याशी गेली. तिथून माडांच्या मधून समुद्र दिसतो, आणि तो खडकही दिसतो.

"काका, ती सावली नक्की कुठे होती? म्हणजे तुम्ही तिथे उभे होतात, तर तुम्हाला कुठल्या बाजूला दिसली?"

मी तिच्याशेजारी उभा राहिलो. ह्या वयात कुणी एवढ्या मनापासून विचारलं की माणसाची छाती भरून येते. हात लांब करून दाखवलं. "तो खडक. मी असा, समोर तोंड करून. हे इथे खाडीचं तोंड. डोळा न मिटता बघत होतो, पापणी सुद्धा हलवली नाही, आणि बरोबर तिथून, त्या लाटेच्या पलीकडून..."

विमला सोलकढीचे ग्लास घेऊन बाहेर आली होती. तिने ताट कठड्यावर ठेवलं, एक ग्लास रियाला दिला, एक निकेतला.

"अवो, समोर खंय?" ती म्हणाली. "दर्याकडे पाठ करून उभे होतास तुमी. मी पेजेचो डबो घेवन वाळूतसून येत होतंय, तुमी माका बगलास आणि सायबासारखी टोपी काढलास."