पोळ्याच्या दिवशीची पेंड

मी पेडगावची पांढरी डुकरीण बोलतेय. नाकाला रुमाल लावायचा तर लावा, पण कान उघडे ठेवा. माझ्या जिवाला एक घोर लागला आहे आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म परभणीतला. खाली सिमेंटची फरशी, वर पत्रे आणि शेजारी आईला लुचणारी भावंडं, एवढंच माझं जग होतं. एक दिवस मला कान धरून टेम्पोत चढवलं. मी असा काही गळा काढला, की स्टेशनापुढचे रिक्षावाले पोट धरून हसले. मला मात्र जीव जातोय असं वाटत होतं.

पेडगावात उतरले तर बघायला ही गर्दी! गावानं गल्लीतून हिंडणारी काळी डुकरं पाहिली होती, हरभरा उकरणारी रानडुकरं पाहिली होती. गोरीपान डुकरीण कुणी पाहिली नव्हती. "हिला साबण कोणता लावायलाव?" असं एकानं विचारलं. पण सगळं हसण्यावारी जाणारं नव्हतं. शेतकऱ्याच्या घरानं डुकरं पाळावीत हे पुष्कळांना पटलं नव्हतं. माझ्या मालकाच्या चुलत्यानं तर त्याच्या घरचा चहा सोडला.

माझा मालक भुजंग. कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा आणि त्यावर पत्र्याचा आखाडा, म्हणजे राहायचं आणि जनावरं बांधायचं छप्पर, एवढीच त्याची शेती. दरवर्षी दिवाळी सरली की तो आणि त्याची बायको दैवशाला ऊस तोडायला जात आणि उन्हाळ्यात परत येत. लहानगी लेक तेवढे महिने आजीजवळ राहायची. एका वर्षी दैवशाला परतली तेव्हा ती पोर तिला ओळखेना, आजीच्या पदरामागं लपली. त्याच दिवशी दैवशालानं नवऱ्याला सांगितलं, "डुकराची घाण काढीन, पर आता लेकरू टाकून जायची न्हाई." सरकारी योजनेतून आमचा दहा-बारा जणींचा कळप घरी आला तो असा. आम्ही राहिलो तर ती घरी राहणार, आम्ही गेलो तर तिच्या हाती पुन्हा कोयता. एवढं ओझं एका डुकरिणीच्या पाठीवर! मला झोप कशी लागावी?

भुजंग माणूस मायाळू, पण त्याला कळायची ती बैलं. आम्ही येईपर्यंत त्याच्याकडे लाल कंधारी बैलांची जोडी होती. पेरणीआधी बैलाला दाबून पेंड चारायची, म्हणजे तो औताला हटत नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. तोच न्याय त्यानं आम्हाला लावला. भुईमुगाची पेंड, तुरीची चुणी, वर मासळीचा भुगा. "खा बायांनो," म्हणायचा आणि टोपलं रितं करायचा. अहो, आम्हाला कुठं नांगर ओढायचा होता?

पोटाला हवं तेवढं पोटानं घेतलं, उरलेलं खाली पडलं. त्या विष्ठेचा आणि मुताचा असा काही भपका सुटला, की माझ्याच डोळ्यांतून पाणी गळायचं. माणसं म्हणतात डुकराला घाण आवडते. एकदा तिथं उभं राहून पाहा म्हणावं. पुढं पावसाळा लागला. आमचा उकिरडा ओढ्याच्या काठावर आणि खालच्या अंगाला धुरपदाबाईची विहीर. धुरपदाबाई म्हणजे एकटी राहणारी म्हातारी. नवऱ्यानं स्वतः खणलेली ती विहीर, तिचा मोठा आधार. श्रावण उजाडेपर्यंत विहिरीवर हिरवी साय धरली, पाण्याला वास मारू लागला. म्हातारी कळशी घेऊन गावातल्या हापशावर जाऊ लागली. जाताना आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

गावकी बसली. गावातले जाणते सटवाजीबापू आखाड्यावर येऊन म्हणाले, "भुजंगा, पोळा होऊ दे. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी आमी येतो. वास असला तर डुकरं इथून हलवायची."

हलवायची कुठं? दुसरी जागा होतीच कुणाकडे?

दैवशालानं परभणीला जनावरांच्या डॉक्टरांना निरोप धाडला. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. बंद पुकारलेला, एसटी जागच्या जागी उभी. डॉक्टर येईनात आणि पोळा जवळ जवळ येतोय. फाट्यावर मोटारसायकल वाजली की मी भिंतीवर पाय देऊन बघायची. शेवटी ते आले. काडीनं विष्ठा उकरून पाहिली, खुराकाचं टोपलं पाहिलं आणि म्हणाले, "भुजंगराव, जे अंगी लागत नाही ते खाली पडतं आणि तेच कुजून नाकाला झोंबतं. पेंड निम्म्याहून कमी करा, मासळी बंद. ज्वारीचा भरडा भिजवून, थोडा आंबवून द्या. तो चांगला पचतो, वाया कमी जातो. आणि हा उकिरडा आधी ओढ्यापासून उचला."

"डाक्टरसाब, दारातल्या जनावराला उपाशी ठिवू?" भुजंगचा चेहरा पडला.

"उपाशी कुठं? मोजून द्या म्हणतोय."

दैवशालाला आंबवणं काय नवं? घरी आंबील व्हायचीच. तिनं एक फुटका रांजण आमच्यासाठी काढला. भरडा भिजवायची, दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला की त्यात भाजीचा पाला आणि मूठ-मूठ पेंड मिसळून घालायची. नवरा-बायकोनं मिळून उकिरडा वरच्या अंगाला खड्ड्यात हलवला. आठवडाभरात माझ्या डोळ्यांची आग थांबली. अंगही काही घटलं नाही. पोटात कळ नाही, डोक्यात मात्र पोळा.

आणि पोळा आला. गावभर बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, ताशांचा कडकडाट. भुजंगचा दावणीचा खुंटा मोकळा. बैलजोडी विकल्यापासूनचा त्याचा हा पहिला पोळा. तो बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिला. दैवशाला लेकीला घेऊन मारुतीच्या देवळाकडे बैल बघायला गेली, तेवढ्यात तो उठला. माझ्या कानाला लाल गोंडा बांधला. पुरणाची पोळी चारली. मग कोपऱ्यातलं पोतं सोडलं आणि पेंडीचं टोपलं, काठोकाठ भरलेलं, आमच्यापुढं ओतलं. "घरात जनावर असून सण कोरडा कसा घालवू?" असं पुटपुटत त्यानं डोळे पुसले. मला त्याची माया कळत होती. आम्ही सगळी पेंड चाटूनपुसून खाल्ली.

सकाळी दैवशाला आमच्या गोठ्यात शिरली आणि थबकली.

"पेंड कुणी घातली?"

भुजंग रितं टोपलं उचलू लागला.

"अवो, आज गाव यायलंय! कामून घातली?"

"पोळा होता गं," तो एवढंच म्हणाला. ती रडू लागली. त्या माउलीला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सटवाजीबापू आले, मागं पाच-सहा माणसं, सगळ्यांच्या मागं धुरपदाबाई. बापूंनी लगेच उपरणं नाकाला लावलं. "हे बघ भुजंगा, सांगितलं व्हतं." भुजंग काहीतरी थाप मारायच्या बेतात होता. "उकिरडा उकरला म्हनून..." एवढं तो बोलला आणि दैवशालानं त्याला मधेच अडवलं.

"खोटं नगा बोलू. बापू, काल ह्यांनी बैलावानी पेंड चारली. त्येचाच वास हाय हा."

सगळे हसले. माझ्या कानावरचा गोंडा पाहून तर आणखीच हसले. मी मान खाली घातली. आता टेम्पो आणतील, मला वाटलं.

तेवढ्यात धुरपदाबाई पुढं आली. "हसू नगा. ह्या वासाच्या खाली मी राहायलेय, तुमी न्हाई. मागले लय दिस मी दार उघडं टाकून निजले. काल पेंड घातली अन् आज दार लावावं लागलं. मंग वास डुकराचा कसा? वास पेंडीचा हाय." बापू काही बोलणार तोच ती भुजंगकडे वळली. "पर माझ्या इहिरीचं काय? ती कवा नितळ हुईल?"

भुजंगनं विहिरीचा गाळ काढून द्यायचं कबूल केलं आणि आम्हाला राहू द्यायचं ठरलं. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक आला आणि या घरावरून तसाच पुढं गेला. दैवशाला लेकीची वेणी घालत बसली होती.

उन्हाळ्यात दोघांनी विहिरीचा तळ गाठला, काळा गाळ उपसला. यंदाचा पाऊस झाला, विहीर भरली. साय धरलेली नाही. तरी म्हातारी अजून हापशावरच जाते. आम्ही राहिलो, दैवशाला राहिली, पण तिचं पाणी गेलं ते गेलंच. हाच माझा घोर.

तुम्ही जनावरं पाळत असाल तर एवढं ऐका. आम्हाला माया लावा, पण ती टोपल्यानं मोजू नका. आमच्या पोटात जास्तीचं घालता ते आमच्याजवळ राहत नाही, कुणाच्या तरी घागरीत उतरतं.

आज सकाळी धुरपदाबाई बादली घेऊन आली. हापशाची नव्हे, तिच्या विहिरीची. ती माझ्यापुढं ठेवली आणि कमरेवर हात देऊन म्हणाली, "तुझ्यापायी नासलं व्हतं. आदी तू पी."

मी तोंड बुडवलं. गार आहे, गोड आहे. मी पितेय आणि डोळे तिच्यावर आहेत. माझं पिऊन झालं तरी ती तशीच उभी आहे, मला काही होतं का ते बघत, हातात तिचा रिकामा तांब्या.