बाईंसमोर टिचकी

दमयंतीबाईंच्या वर्गाला एकच नियम होता. पाठ म्हणणारा चुकला की ऐकणाऱ्याने टिचकी वाजवायची आणि म्हणणाऱ्याने तो खंड पहिल्यापासून म्हणायचा. "मी चुकले तर मलाही," असं बाई दरवर्षी बजावायच्या. बारा वर्षांत ती वेळ कधी आली नव्हती.

आम्ही शिकणारे तिघं. पोस्टातल्या विमलावहिनी, डॉक्टर सलिल आणि मी, चारुदत्त, आंब्याच्या बागा सांभाळणारा. शाळेत आम्हाला संस्कृत शिकवलेल्या बाईंनी निवृत्तीनंतर अंजनवेलच्या आपल्या पडवीत उपनिषदाची संथा द्यायला सुरुवात केली. रविवारी सकाळी बाई एक ओळ म्हणायच्या, आम्ही ती मागून दोनदा म्हणायचो. बाईमाणसाने हे कशाला शिकवायचं, म्हणून गावात दोघातिघांनी नाकं मुरडली. बाईंनी त्यांनाही चहाला बोलावलं.

मी तसा तापट. पेटीत एक डागी आंबा दिसला तरी गड्यांवर डाफरतो. पण २००१ च्या माघात बाईंनी पहिल्यांदा एक ओळ गाळली, तेव्हा माझी बोटं हलली नाहीत. विमलावहिनी खाली बघत बसल्या. सलिल चष्मा पुसू लागला. परतताना आम्ही ठरवूनच टाकलं, की बाईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, उगाच कशाला दुखवायचं? मग जवळजवळ दर रविवारी एखादी ओळ गळायची आणि आम्ही ती तशीच जाऊ द्यायचो.

फाल्गुनात विमलावहिनींच्या चिपळूणच्या सुनेला पाठवायला म्हणून बाईंनी आमचा पाठ टेप केला. पाठवण्याआधी पोथी समोर धरून तो ऐकला. बाईंचं सगळं काम असंच चोख.

पुढच्या रविवारी आम्ही पडवीत बसलो तर चौरंगावर टेपरेकॉर्डर होता. बाईंनी तो लावला, ऐकवला आणि बंद केला.

"तीन ओळी गेल्या. टिचक्या कुठे आहेत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाई..." मी म्हटलं.

"विसरण्याचं नाही रे वाईट वाटलं. वय झालं, विसरणारच. पण बारा वर्षं माझ्याकडे बसून तुम्ही माझ्याशीच खोटं वागलात. मग मी शिकवलं काय तुम्हाला?"

विमलावहिनी रडायला लागल्या. बाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. आम्ही मुकाट प्यायलो. शेवटी बाईंनी स्वतःचा कप तोंडाला लावला आणि आमच्याकडे पाहिलं.

"साखर नाही यात. हेही सांगितलं नाहीत ना?"

हसावं की रडावं कळेना. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अक्षय्य तृतीयेला देवळात बाई संपूर्ण उपनिषद तोंडपाठ म्हणत. अर्धा गाव ऐकायला जमे. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला, "यंदा चारुदत्त माझ्या उजव्या हाताला बसेल." रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. नाकं मुरडणारे पुढेच बसणार होते. टिचकी वाजवली तर त्यांच्यादेखत बाईंचा मान जाणार, आणि नाही वाजवली तर बाई मला पुन्हा पडवीची पायरी चढू देणार नव्हत्या.

बाईंचा आवाज छान लागला होता. दोन खंड सुरळीत गेले. तिसऱ्यात एक ओळ गळली. घामाने माझी बोटं निसटत होती, तरी टिचकी वाजली. मागून कुणीतरी खाकरलं. बाईंनी मानसुद्धा वळवली नाही, खंड पहिल्यापासून सुरू केला. पुन्हा तीच ओळ गेली. मी पुन्हा टिचकी वाजवली. आता मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्या जागेपाशी बाई आपणहून थांबल्या. माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले.

"दे संथा."

मी ती ओळ म्हटली. एकही शब्द चुकला नाही. बाईंनी ती माझ्यामागून म्हटली. मग संथेच्या रीतीप्रमाणे आणखी एकदा म्हटली आणि खंड तिथून पुढे सुरू केला.