बाटलीला पाजलेलं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर रक्तगुरू पांढऱ्या फरशीचा तुकडा उंच धरून मिरवत होता. मघाशी त्यावर ताईच्या रक्ताच्या थेंबात गट तपासायचं पिवळं औषध पडताच गुठळ्या झाल्या होत्या, म्हणजे गट बी. मग गुरूने तिला रोजचं मंतरलेलं पाणी पाजलं, थोडं औषधाच्या बाटलीतही ओतलं, आणि आता तिचा नवा थेंब एकजीव राहिला होता.

"बी गेला, ओ आला! खुशाल तुमच्या ओ गटाच्या नवऱ्याला किडनी द्या. आणि त्याला त्या यंत्रावर पुन्हा चढवू नका, माझी सगळी शुद्धी धुऊन निघते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत ताईचा नवरा, भाऊजी, सुजलेले पाय पसरून धापा टाकत होते. या गुरूच्याच शब्दावर त्यांचं डायलिसिस बंद होतं. ताईच्या धाकट्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रक्तगटाच्या साखरांवर संशोधन करण्यात तिचा दिवस जायचा, पण घरात तिचं कोणी ऐकेल तर शपथ.

ती तडक वर चढली. "पाणी ताईला पाजलंत, ठीक. बाटलीला कशाला पाजलंत? तिलाही किडनी द्यायचीय?"

काही जण हसले. गुरू गोड आवाजात म्हणाला, "औषधही शुद्ध लागतं, बाळ."

"मग माझं औषध घेऊ." तिने पर्समधून प्रयोगशाळेची बाटली काढली. ताईचा थेंब घेतला; गुठळ्या. औषधात नळाचं पाणी मिसळलं, तरी गुठळ्या. गुरूचं पाणी मिसळून जरा थांबली, मग थेंब घातला. एकही गुठळी नाही.

"ताई, तुझं रक्त होतं तेच आहे. बी गटाच्या पेशींवर एक साखर असते. औषधातली प्रतिपिंडं तिला धरतात, म्हणून गुठळ्या होतात. या पाण्यात ती साखर आधीच आहे. प्रतिपिंडांचे हात तिथेच अडकले, रक्ताला धरणार कोण? आणि ही साखर फुकटात कुठे मिळते सांगू? बी गटाच्या बहुतेक माणसांच्या थुंकीत. उकळली, गाळली, झालं मंतरलेलं पाणी. मी खोटं बोलत असेन तर गुरूंनी एक घोट घ्यावा."

गुरूने पेला उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

"मी रोज प्यायले गं," ताई म्हणाली. ती नवऱ्याकडे धावली. "ह्यांना उचलायला कुणीतरी हात लावा. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

"गट जुळत नसला तरी मार्ग असतात, ताई," धाकटी म्हणाली. "डॉक्टरांना विचारू."

टाळ्या पिटणाऱ्यांपैकी चौघे खाली मान घालून पुढे आले.

थुंकी विकणारे भेटतच राहतील. त्यांना तपासा, चारचौघांत विचारा, आणि ज्याला तपासणी चालत नाही त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. डायलिसिस बंद ठेवलं की माणूस मरतो. मेलेल्याला एकही गुरू परत आणत नाही.