उकळलेल्या पाण्यातला निशिगंध

घरात फुलं आली तेव्हाच मोहनबाईंचं डोकं फिरलं होतं. जळगावात सून म्हणून आल्याला त्यांना पस्तीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत कापडदुकानामागच्या त्या जैन घरात तोडलेलं फूल आलं नव्हतं. देवाला वाहायची चाल नाही, केसांत माळायची हौस नाही. झाडावरचा जीव झाडावर राहू द्या, एवढं साधं त्यांचं म्हणणं. आणि आता त्यांची सून चंद्रकांता महिला मंडळातून निशिगंधाच्या सहा दांड्या घेऊन उभी. का, तर स्पर्धा! गुरुवारी प्रत्येकीला फुटपट्टीनं मोजून सारख्या लांबीच्या सहा दांड्या वाटल्या. सोमवारी परत आणायच्या. जिची फुलं सर्वांत ताजी, तिचा पहिला नंबर.

“म्हणजे मरायला लागलेल्या जिवांची शर्यत,” मोहनबाई म्हणाल्या.

चंद्रकांतानं दांड्या ओट्यावर ठेवल्या. पाचोऱ्याहून लग्न होऊन तिला जेमतेम वर्ष झालेलं. गावात चार ओळखी व्हाव्यात म्हणून मंडळात जा, हे मोहनबाईंनीच तिला सांगितलेलं.

तिनं तांब्यात नळाचं पाणी घेतलं, तसा दुसरा भडका उडाला. “न गाळलेलं पाणी? त्यात दांड्या सडणार, जीव पडणार, तेही माझ्या घरात?”

मोहनबाई आयुष्यभर उकळलेलंच पाणी पीत आलेल्या. थंडीत ते चार प्रहर चालतं, मग नवं घ्यायचं आणि भांडं कोरडं पुसायचं, हा त्यांचा नियम. तोच त्यांनी फुलांना लावला. सकाळ-संध्याकाळ उकळून निववलेलं पाणी, आतून पुसलेला तांब्या, आणि दर खेपेला दांडीचं बुळबुळीत टोक नखभर कापायचं. कापायचं सुनेनं, सासूबाई शेजारी उभ्या राहून धुसफुसायच्या. ते तुकडे मोरीत टाकायचीही सोय नव्हती, ओलीत कुजतात म्हणून. ते डब्याच्या झाकणावर ओळीनं वाळत पडलेले.

सोमवारी दुपारी चंद्रकांता निघाली तेव्हा दांड्यांच्या शेंड्याच्या कळ्यासुद्धा उमलल्या होत्या. मोहनबाईंना आतून बरं वाटलं, पण तसं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

तासाभरात सोबत गेलेली कामवाली तानुबाई एकटीच परत आली. “अक्का, बठ्ठ्या बाया म्हनतस, वहूनी फुलं बदली टाकात.”

सुनेनं म्हणे फुलंच बदलली! झालं होतं असं. बाकीच्या बायकांनी मासिकांत वाचून कुणी पाण्यात साखर घातली, कुणी ॲस्पिरिन, कुणी तांब्याचा पैसा. सगळ्यांचीच फुलं मान टाकून बसली. मग मंडळाच्या अध्यक्ष वकिलीणबाईंनी चक्क लाउडस्पीकरवरून विचारलं, “ज्या घरात कधी फूल येत नाही, तिथे ते पाच दिवस टिकेल कसं? ही बाजारातून आजच आणलेली दिसतात.”

मोहनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या घरात फूल येत नव्हतं हे खरं, पण खोटंही कधी आलं नव्हतं. एक वर्षाची सून, उद्या बाजारातून जायला लागली की बोटं दाखवतील तिच्याकडे! त्यांनी झाकण उचललं, त्यावर पदर धरला आणि तरातरा चालत हॉल गाठला.

चंद्रकांता कोपऱ्यात डोळे पुसत होती. वकिलीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, “वाद नको. आम्ही तिला उत्तेजनार्थ देतो.”

“खोटी असेल तर हाकलून द्या. खरी असेल तर उत्तेजन कसलं देता?”

मोहनबाईंनी झाकण टेबलावर ठेवलं. आठ ओळी, ओळीत सहा तुकडे. गुरुवारचे काडीसारखे करपलेले, त्यानंतरचे पिवळे, मग फिके हिरवे, आणि शेवटची ओळ आज सकाळची, अजून ओली.

“वाटताना दांड्या फुटपट्टी लावून दीड फुटाच्या केल्या होत्या ना? आता मोजा.”

कुणीतरी मोजल्या. सगळ्या चार-चार इंच आखूड भरल्या.

“आठ वेळा पाणी बदललं, आठ वेळा टोक कापलं. बाजारातून आणायची होती तर हा उपद्व्याप कुणी केला असता? तुम्ही?”

वकिलीणबाई हळूच म्हणाल्या, “चूक झाली आमची. पहिला नंबर चंद्रकांताचाच.”

“हळू नाही,” मोहनबाईंनी लाउडस्पीकरकडे बोट केलं. “आळ यातून घेतलात. आता हेही यातूनच बोला.”

वकिलीणबाईंना ते बोलावं लागलं, नावासकट, अगदी रस्त्यावर ऐकू जाईल असं. चंद्रकांतानं मान वर केली. मग दिलजमाई म्हणून वकिलीणबाईंनी हॉलसमोरच्या बागेतून गुलाब तोडून आणवले आणि भलामोठा गुच्छ मोहनबाईंच्या हातात दिला.

मोहनबाई गुच्छाकडे बघतच राहिल्या. “सहा फुलांवरून माझ्या सुनेला चोर ठरवलंत,” त्या म्हणाल्या, “आणि माफी मागायला आणखी पंचवीस तोडलीत?”

गुच्छ घेऊन त्या फणफणतच घरी आल्या. स्वयंपाकघरात शिरून त्यांनी चुलीवर पाणी चढवलं, नेहमीचं पातेलं नाही, लग्नकार्यातलं मोठं. “कात्री आण, बीनणी,” त्या सुनेला म्हणाल्या. “आणि झाकणही दुसरं काढ, मोठ्या डब्याचं.”